धुके, खोडे आणि चौकट : राजापूरच्या हिवाळी रानाचे छायाचित्रण

हिवाळ्यातील जंगलाची छायाचित्रे कशी मांडावीत याविषयी जगभर जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक लेखन बर्फ गृहीत धरून चालते. बर्फ जमिनीवरचा पालापाचोळा, झुडपे आणि दगड झाकून टाकतो, पांढऱ्या पटावर काळी खोडे तेवढी उरतात, आणि चित्रातून अनावश्यक ते वगळण्याचे अर्धे काम निसर्गानेच उरकलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात असे काही घडत नाही. येथील रान पौष-माघातही दाट, गुंतागुंतीचे आणि बव्हंशी हिरवे राहते, जमीन झाकली जाते ती वाळलेल्या पानांनी, आणि वगळण्याचे सगळे काम छायाचित्रकाराच्या वाट्याला येते. त्यामुळे कोकणातल्या हिवाळी रानाचे चांगले छायाचित्र ही मुळात निवडीची कला आहे. ही निवड करायला येथे तीन गोष्टी मदत करतात : सकाळचे धुके, कलता सूर्य, आणि कोणते झाड कोणत्या आठवड्यात कसे दिसते याची माहिती. या तिन्हींपैकी एकही विकत मिळत नाही, आणि म्हणूनच महागडा कॅमेरा घेऊन आलेला पाहुणा आणि साधा मोबाइल बाळगणारा गावकरी यांच्यात पुष्कळदा गावकऱ्याची बाजू वरचढ ठरते.

राजापूर शहर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून कोल्हापूरकडे चढणारा अणुस्कुरा घाट, पश्चिमेला जैतापूरची खाडी व समुद्र, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात जांभ्या दगडाचे सपाट माथे व त्यांच्यामधून खोल गेलेली खोरी अशी या प्रदेशाची ठेवण आहे. या सपाट माथ्यांना सडा म्हणतात. सड्यावर माती नावापुरती, म्हणून तेथे गवत आणि तुरळक झुडपे. सड्याच्या कडेवरून उतार सुरू झाला की ऐन, किंजळ, कुंभा, नाणा, काजरा अशी झाडे दाटू लागतात. आणि खाली व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी किंवा देवळाभोवती राखलेल्या देवराईत सदाहरित वृक्षांचा काळोख असतो. एका तासाच्या चालण्यात तीन अगदी वेगळ्या प्रकारची दृश्ये मिळतात आणि प्रत्येकाची मांडणीची रीत वेगळी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही नीट जमत नाही.

रानात उभे असताना जे दृश्य अतिशय सुंदर वाटते, ते छायाचित्रात गचाळ का दिसते, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. त्याचे मुख्य कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू जवळचे खोड कोणते, मागचे कोणते हे आपोआप ओळखतो. शिवाय मान थोडी हलली तरी जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपुढून सरकतात आणि खोलीची जाणीव पक्की होते. कॅमेऱ्याला एकच डोळा आहे आणि तो स्थिर आहे. पाच मीटरवरचे खोड, पंधरा मीटरवरची फांदी आणि चाळीस मीटरवरचे झुडूप त्याच्या दृष्टीने एकाच कागदावरचे तीन ठिपके होत. म्हणून जी खोली डोळ्यांनी फुकट दिली होती, ती छायाचित्रात दुसऱ्या मार्गांनी पुन्हा उभी करावी लागते. एका वस्तूने दुसरीला झाकणे, आकारातील लहान-मोठेपणा, प्रकाशाची बाजू, आणि अंतरानुसार फिकट होत जाणारे रंग हे ते मार्ग आहेत. रानाच्या छायाचित्राची सारी मांडणी शेवटी या चार गोष्टींच्या हिशेबावर उभी असते.

त्यातील शेवटचा मार्ग, म्हणजे अंतरानुसार फिकट होणे, राजापुरात धुके उपलब्ध करून देते. पावसाळा संपून आकाश निरभ्र झाले की रात्री जमीन आपली उष्णता वर फेकते आणि गार पडते. तिला लागून असलेली हवाही थंड होते, थंड हवा जड असल्यामुळे ती सड्यावरून उतारांनी हळूहळू खोऱ्यात उतरते, आणि तेथे नदीच्या, शेतांच्या व झाडांच्या ओलाव्याशी गाठ पडून तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. वारा पडलेला असेल तर हे थेंब खोऱ्यातच साचून राहतात. म्हणून अर्जुनेच्या खोऱ्यात खाली धुके आणि वर सडा मात्र लख्ख, असे दृश्य हिवाळ्यात पुष्कळदा दिसते. राजापूरजवळच्या उन्हाळे येथील गरम पाण्याच्या झऱ्यावरची वाफही अशाच गार सकाळी सर्वांत ठळक दिसते. आदल्या रात्री वारा नसणे, आकाश स्वच्छ असणे आणि गवतावर संध्याकाळीच दव उतरू लागणे ही तिन्ही लक्षणे जमली, तर दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी निघण्यात अर्थ आहे.

धुक्यातील थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात आणि धुके पांढरे दिसते. वस्तू जितकी दूर, तितका तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये हा विखुरलेला पांढरा प्रकाश अधिक, म्हणून तिचा काळेपणा कमी. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर यांनी 1924 मध्ये या घटीचा नियम मांडला. तो सोप्या शब्दांत असा की ठरावीक अंतरागणिक वस्तू आणि तिच्यामागची पांढरी पार्श्वभूमी यांतील फरक ठरावीक प्रमाणात घटतो. पन्नास मीटरला तो निम्मा होत असेल तर शंभर मीटरला पाव आणि दीडशे मीटरला आठवा भाग उरतो. छायाचित्रकारासाठी याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. धुक्यात सगळी खोडे सारख्याच अंतरावर असतील तर चित्र सपाट, राखी आणि निर्जीव येते; पण एक खोड अगदी जवळ, दोन-तीन मध्यम अंतरावर आणि काही पार पुसट होत गेलेली अशी रचना निवडली, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या तयार होतात आणि हरवलेली खोली परत येते. धुके आहे म्हणून चित्र आपोआप चांगले येईल ही समजूत त्यामुळेच फसवी आहे. धुक्यात पहिली शोधाची वस्तू असते ती जवळचे गडद खोड.

जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू (1539–1610) याने शाईने रंगवलेली धुक्यातील पाइन वृक्षांची पडदेचित्रे या बाबतीत कोणत्याही छायाचित्राइतकी शिकवून जातात. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेल्या या सहा-सहा घड्यांच्या दोन पडद्यांवर काही झाडे ठसठशीत फटकाऱ्यांनी पुढे येतात, काही नुसत्या पातळ शाईच्या सावलीसारखी मागे राहतात, आणि बराच कागद पूर्णपणे कोरा आहे. तो कोरा भाग पाहणाऱ्याला रिकामा वाटत नाही, कारण शेजारच्या झाडांचे गडद-फिके प्रमाण त्याला धुक्याचा अर्थ देते. राजापूरच्या खोऱ्यात कॅमेरा लावताना चौकटीचा मोठा भाग निव्वळ पांढरा राहिला तर पुष्कळांना धास्ती वाटते आणि ते काहीतरी आत ओढून ती जागा भरतात. ती जागा मोकळी सोडण्याचे धैर्य दाखवले पाहिजे.

धुक्यात कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची मात्र हमखास फसगत होते. एक्स्पोजर म्हणजे सेन्सरवर पडू दिलेल्या प्रकाशाचे एकूण प्रमाण. ते ठरवताना कॅमेरा असे धरून चालतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. धुके त्याहून पुष्कळ उजळ असल्यामुळे तो प्रकाश कमी करतो आणि शुभ्र धुके मळकट येते. यावर उपाय म्हणून एक्स्पोजर साधारण दोन-तृतीयांश ते सव्वा स्टॉपने वाढवावे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणे. मोबाइलवर चित्राच्या मुख्य भागावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत प्रकाशाची पट्टी येते, ती थोडी वर सरकवली की हेच काम होते. देवराईच्या आत याच्या नेमके उलट घडते. तेथे कॅमेरा काळोखाला मध्यम राखाडी करायला जातो, पानांचा गडद हिरवेपणा फिकट पडतो आणि त्या जागेचा गंभीर भाव नाहीसा होतो. म्हणून तेथे एक्स्पोजर मुद्दाम कमी करावे लागते.

सूर्याविषयी बोलताना परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. हिवाळ्यात दिवसभर मृदू, तिरका प्रकाश मिळतो असे त्यांत लिहिलेले असते, आणि ते लंडनच्या अक्षांशावर खरेही आहे : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. राजापूर सुमारे साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे त्याच दिवसांत दुपारचा सूर्य जवळजवळ पन्नास अंशांवर असतो, आणि पंधरा अंशांची उंची तो उगवल्यानंतर साधारण सव्वा तासातच ओलांडतो. म्हणजे उत्तरेकडील छायाचित्रकाराला जो प्रकाश दिवसभर मिळतो, तो राजापूरकराला सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी सव्वा तास एवढाच मिळतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास होत असल्यामुळे सव्वाआठनंतर सावल्या आखूड व कठोर होऊ लागतात, आणि धुकेही थोड्याच वेळात विरू लागते. दोन्ही गोष्टी हाती असतात असा अवधी फार थोडा आहे. जागा शोधण्याचे काम त्या अवधीत करत बसले तर सकाळ वाया जाते, म्हणून जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवावी.

सूर्य नेमका कोठे उगवतो हेही ठाऊक हवे. डिसेंबरअखेरीस राजापुरात तो ठीक पूर्वेला न उगवता तिच्या दक्षिणेला सुमारे साडेचोवीस अंशांवर उगवतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत, पाचलच्या पुढे अणुस्कुऱ्याच्या दिशेने गेल्यास, डोंगराची भिंत मध्ये येत असल्यामुळे तो आणखी उशिरा दिसतो : कडा सहाशे मीटर उंच आणि चार किलोमीटर दूर असेल तर पहिला किरण सुमारे चाळीस मिनिटे उशिरा पोहोचतो, आणि तोपर्यंत त्याचा केशरी रंग बराच ओसरलेला असतो. उलट डोंगरापासून दूर, तालुक्याच्या मध्यभागातील सड्यांवर तो कोवळा प्रकाश पूर्ण मिळतो. खोऱ्याच्या पश्चिमेकडील कडेवर उभे राहून आग्नेयेकडे पाहिले तर धुके सूर्य आणि कॅमेरा यांच्या मध्ये येते, आणि धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकत असल्यामुळे ते आतून उजळल्यासारखे दिसते. त्यावर उतारावरच्या झाडांच्या बाह्यरेषा स्वच्छ कापल्या जातात. सूर्य पाठीमागे ठेवून तेच धुके टिपले तर ते निस्तेज येते. फांद्यांमधून उतरणाऱ्या किरणांच्या शलाका हव्या असतील तर सूर्याचे बिंब एखाद्या खोडाच्या आड नेमके लपेल अशा जागी उभे राहावे, म्हणजे भिंगात अनावश्यक चकाकी शिरत नाही आणि किरण तेवढे उठून दिसतात.

याच कलत्या प्रकाशाचे मोल राजापुरात आणखी एका कारणाने लोकांना कळू लागले आहे. देवाचे गोठणे, बारसू, कशेळी येथील सड्यांवर जी प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत आणि ज्यांच्यासह कोकणातील कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, त्यांच्या उथळ रेषा दुपारी सपाट दगडात हरवतात आणि सकाळ-संध्याकाळी आपल्याच सावल्यांनी उमटून येतात. सालींच्या बाबतीतही तोच नियम लागू पडतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांनी भरलेली असते. तिच्यावर समोरून प्रकाश पडला तर ती नुसती राखी दिसते, बाजूने पडला तर प्रत्येक चौकोनाला उजेडाची एक कड आणि सावलीची एक कड येते, आणि हाताला जाणवणारा खडबडीतपणा डोळ्यांना जाणवू लागतो.

देवराईत शिरल्यावर सूर्याशी असलेले हे नाते पार बदलते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1976 मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला तेव्हापासून या राखलेल्या तुकड्यांचे वनस्पतीशास्त्रीय मोल अभ्यासकांच्या ध्यानात आले. गावाला ते त्याआधीपासून ठाऊक होते, कारण देवाच्या रानातली वाळकी काठीसुद्धा उचलायची नाही हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. येथे सदाहरित वृक्षांचे छत इतके दाट असते की दिवस वर आल्यावर ऊन आत शिरते ते तुटक कवडशांच्या रूपाने. हे कवडसे डोळ्यांना मोहक वाटतात, पण उजळ ठिपका आणि शेजारची सावली यांतील फरक इतका तीव्र असतो की कॅमेरा एकाला न्याय देताना दुसऱ्याला गमावतो, आणि चित्रभर पांढरे डाग विखुरतात. म्हणून देवराईचे छायाचित्र ऊन आत येण्यापूर्वी, किंवा सूर्य डोंगराआड गेल्यावर, सावलीच्या सम प्रकाशात घ्यावे. अशा वेळी प्रकाश फारच कमी असतो, शटर एखाद-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तिपाई म्हणजे ट्रायपॉड अपरिहार्य होते. हिवाळी पहाटे वारा पडलेला असतो ही येथे मोठीच सोय आहे. एरवी एवढ्या वेळात पाने हलून चित्र विस्कटले असते.

सदाहरित पानांवर मेणासारखा गुळगुळीत थर असतो आणि तो आकाशाचा प्रकाश आरशासारखा परतवतो. दवाने ओली झालेली पाने तर अधिकच चकाकतात. या चकाकीमुळे पानांचा खरा रंग झाकला जाऊन देवराई निळसर-पांढुरकी येते. पोलरायझर हे भिंगापुढे लावून फिरवता येणारे गाळणीवजा काचेचे साधन अशी परावर्तित चकाकी बरीच कमी करते. आकाश न दिसणाऱ्या, ढगाळ किंवा सावलीतल्या दृश्यातही त्याचा उपयोग होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याने दीड ते दोन स्टॉप प्रकाश खर्च होतो, तेवढा हिशेब मात्र ठेवावा लागतो.

अमेरिकी छायाचित्रकार एलियट पोर्टर यांनी रंगीत निसर्गचित्रणाला जी दिशा दिली, ती कोकणाच्या रानाला फार जवळची आहे. 1962 मध्ये सिएरा क्लबने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तकात आणि पुढे 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात भव्य डोंगर व विस्तीर्ण आकाशापेक्षा रानाचे जवळचे तुकडे अधिक महत्त्वाचे ठरले : क्षितिज नसलेले, आकाश नसलेले, फांद्या, पाने, पाणी आणि दगड यांच्या परस्परसंबंधावर उभे असलेले. धोपेश्वर येथील धूतपापेश्वर मंदिराजवळ मृडानी नदीच्या काठी जी झाडी आहे, तिचे चित्र काढताना बहुतेक लोक देऊळ, धबधब्याची जागा, झाडे आणि आकाश हे सगळे एका चौकटीत कोंबू पाहतात. पोर्टर यांच्या रीतीने पाहिले तर तेथे एका शेवाळलेल्या दगडाभोवती, त्यावर पडलेल्या पिवळ्या पानांभोवती आणि मागच्या काळ्या पाण्याभोवती अधिक सकस चित्र आहे.

मांडणीचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे एका उदाहरणाने पाहणे बरे. सड्याच्या कडेखालच्या उतारावर चार मीटर अंतरावर ऐनाचे खडबडीत काळसर खोड आहे, त्याच्या मागे बारा मीटरवर नाण्याचे गुळगुळीत, पांढुरके, सोलल्यासारखे दिसणारे खोड आहे, आणि आणखी मागे गारंबीची जाड पिळदार वेल एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे गेली आहे. पहिल्या जागेवरून पाहिले तर नाणा अर्धा ऐनाच्या आड जातो, दोन्ही खोडे एकमेकांना चिकटतात आणि तिसरेच एखादे बेढब झाड असल्यासारखा आकार तयार होतो. झूम कमी-जास्त केल्याने यात काडीचाही फरक पडत नाही, कारण झूम चौकट लहान-मोठी करतो, वस्तूंचे परस्परसंबंध बदलत नाही. ते बदलतात फक्त पाय हलवल्याने. छायाचित्रकार तीस सेंटिमीटर डावीकडे सरकला की जवळचा ऐन मागच्या नाण्याच्या तुलनेत जवळजवळ तीन अंश उजवीकडे जातो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर 100 मिलिमीटरचे भिंग लावले असेल तर हे अंतर चौकटीच्या रुंदीच्या सुमारे सातव्या भागाइतके भरते, आणि दोन खोडांमध्ये धुक्याची एक स्वच्छ पट्टी उघडते. आता काळे खोड, पांढरी पट्टी, फिके खोड असा क्रम लागतो. मग गुडघ्यावर बसून पाहिले तर गारंबीची वेल नाण्याच्या खोडाला खाली येऊन छेदते, उभे राहिले तर वर; ती कोठे छेदावी हे ठरवणे ही पुढची पायरी. या सगळ्यात फोटो काढण्याची क्रिया अगदी शेवटी येते. ट्रायपॉडही तेव्हाच उघडावा, कारण तो आधी उघडला की माणूस त्याच्या जागेला बांधला जातो.

यानंतर चौकटीच्या कडा तपासणे हा एक असा भाग आहे की ज्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जितकी रानचित्रे बिघडतात तितकी दुसऱ्या कशानेही बिघडत नसतील. नजर मध्यभागी खिळलेली असते, आणि कोपऱ्यातून आत घुसलेली एखादी उजळ काटकी किंवा छतातील भोकातून दिसणारा आकाशाचा पांढरा तुकडा लक्षातच येत नाही. चित्र मोठे करून पाहिल्यावर मात्र डोळा प्रथम तेथेच जातो. छतातील अशी भोके टाळण्याचा साधा उपाय म्हणजे कॅमेरा थोडा खाली झुकवणे, किंवा उंच सड्यावरून खालच्या उतारावर नेम धरणे, जेणेकरून पार्श्वभूमीला आकाशाऐवजी दुसरी झाडेच येतात. 70 ते 200 मिलिमीटरच्या टप्प्यातील टेलिफोटो भिंग रानात उपयोगी पडते ते याच कारणाने : त्याचा दृष्टिकोन अरुंद असतो, आणि अरुंद दृष्टिकोनात वगळणे सोपे जाते. मोबाइलवर दोन किंवा तीन पट जवळ आणणारे स्वतंत्र भिंग असेल तर तेच वापरावे, अतिरुंद भिंग मात्र दाट रानात जवळजवळ नेहमीच पसारा वाढवते.

राजापूरच्या उतारांवर बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला खटकणारी एक गोष्ट दिसते. ऐन आणि किंजळ यांची कितीतरी झाडे अशी उभी असतात की त्यांना डेरेदार माथा नाही, आडव्या पसरलेल्या फांद्या नाहीत, उंच सरळ खोडावर जागोजागी गाठी आणि त्या गाठींतून फुटलेले पाल्याचे झुबके तेवढे आहेत. भाताची रोपे जेथे करायची ती जमीन भाजण्यासाठी शेतकरी हिवाळ्याच्या उत्तरार्धात या झाडांचा पाला आणि बारीक फांद्या म्हणजे कवळ तोडतात, ते पसरून वाळवतात आणि पुढे भाजावळीत जाळतात. वर्षानुवर्षे कवळ तोडलेल्या झाडाला हा आकार येतो. अशी झाडे टाळून अस्पर्श रान शोधत फिरणारे लोक या प्रदेशाचे खरे चित्र हातचे सोडतात, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. धुक्यात एकामागे एक उभी असलेली कवळतोड झाडे, त्यांच्या गाठींची लय आणि मधल्या मोकळ्या जागा हे कोणत्याही देशातील बर्फाळ अरण्याइतकेच सशक्त दृश्य आहे, आणि ते दुसरीकडे फारसे मिळत नाही. त्यात माणसाच्या हाताची खूण आहे म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. झाडावर चढलेला माणूस आणि त्याचा कोयता चित्रात आला, तर त्याची परवानगी घेऊन तोही जरूर यावा.

हिवाळ्याच्या चार महिन्यांत रानाचे रंगही सारखे राहत नाहीत. नोव्हेंबरमध्ये सड्यावरचे गवत वाळून पिवळेधमक होते आणि काही दिवसांतच कापले जाते, म्हणून सोनेरी गवतावर एकटे उभे असलेले झाड टिपण्याचा काळ मोजका असतो. किंजळीवर तांबूस फळांचे घोस दिसतात ते साधारण याच सुमारास. थंडी पक्की झाली की कुंभ्याची मोठी पाने गळण्यापूर्वी लाल होतात. काजऱ्यावर नारिंगी गोल फळे लटकतात, जी विषारी असली तरी हिरव्या-काळ्या पार्श्वभूमीवर रंगाचा एकच ठळक बिंदू देण्याचे काम उत्तम करतात. जानेवारीच्या उत्तरार्धापासून काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले घेऊन उभी राहते, आणि फेब्रुवारी संपता संपता कोशिंबीला कोवळी तांबडी पालवी फुटू लागते. रंगाच्या बाबतीत एक दक्षता आवश्यक आहे. सकाळच्या सावलीतला प्रकाश निळसर असतो आणि उन्हाची तिरीप केशरी. ही दोन्ही एकत्र आली की रानाला जो गारव्याचा आणि उबेचा संयुक्त भाव येतो, तोच कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दाखवण्यासाठी रंगांचा तोल सावरणारी सोय, पुसून टाकतो. तो स्वयंचलित न ठेवता सूर्यप्रकाशाच्या खुणेवर पक्का ठेवला की निळाई निळी आणि केशर केशरी राहते.

चित्र घरी आणल्यावर संगणकावर किंवा फोनवर जे संस्करण होते, त्यात धुके काढून टाकणारी एक सरकपट्टी असते. ती ओढली की दूरची झाडे लगेच स्पष्ट होतात आणि चित्र क्षणभर अधिक टवटवीत वाटते. परंतु ज्या फिकेपणाने खोली दिली होती तीच या स्पष्टतेत नाहीशी होते, आणि सगळी खोडे पुन्हा एका कागदावर येऊन आदळतात. कृष्णधवल रूप द्यायचे असल्यास जवळचे खोड तेवढे अधिक गडद करावे, मागच्या भागाला हात लावू नये. रंग भडक करण्याचा मोहही आवरावा, कारण कोकणातल्या हिवाळ्याचा हिरवा मुळातच धुरकट आणि दबलेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश रान खासगी मालकीचे आहे, आणि लाकडासाठी, काजू-आंब्याच्या लागवडीसाठी किंवा बांधकामासाठी त्यातील उतार एकेका वर्षात बदलून जातात. म्हणून जो स्थानिक छायाचित्रकार एखादी जागा निवडून दर हिवाळ्यात तेथेच परत जातो, त्याच्या कामाला चित्रसौंदर्यापलीकडचे मोल आहे. अशा पुनर्चित्रणासाठी फारशी साधने लागत नाहीत. ज्या दगडावर किंवा बांधावर उभे राहायचे त्याची खूण, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, भिंगाचे नाभीय अंतर, होकायंत्रावरील दिशा, तारीख आणि वेळ एवढे वहीत टिपून ठेवले, आणि दर खेपेस मागच्या चित्राची प्रत सोबत नेऊन जवळचे खोड व दूरचे खोड पूर्वीइतक्याच अंतरावर दिसेपर्यंत पाय सरकवले, तर दोन वर्षांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसतात. देवराईत हे काम करण्यापूर्वी गावच्या मानकऱ्यांना विचारावे, देवाच्या हद्दीत पायताण काढावे, आणि चौकटीत येणारी फांदी मोडू नये. ती जेथे आहे तेथेच राहील अशा रीतीने आपली जागा बदलावी. माघ सरल्यावर ऊन तापू लागते, सकाळचे धुके दिवसेंदिवस विरळ होत जाते, कोठे कोठे वणव्यांचा धूर पसरतो, आणि त्या वर्षापुरते हे काम थांबते.